वानखडे बाई आणि तीन बोटं

वानखडे बाई समोरून येताना दिसल्या की वाशीमजवळच्या मालेगावच्या बसस्टँडवर गप्पा ठोकत उभी असलेली निम्मी माणसं एकदम मुकी व्हायची. कोणी गालात धरलेला ऐवज घाईघाईनं थुंकून टाकायचा, कोणी मोबाइल कानाला लावून पाठ फिरवायचा, आणि ज्याला दोन्ही जमायचं नाही तो गाल फुगवून नुसती मान डोलवायचा. बाई थांबायच्या. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवून स्वतःच्या ओठांपुढे उभी धरून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "तुही तीन बोटं तुह्याच तोंडात घाल. उभी. जातात का पाहू."

ज्याची जायची तो सुटायचा. ज्याची दोनच जायची, त्याची चारचौघांत हजेरी निघायची. मग तो ग्रामपंचायतीचा सदस्य असो की बसचा कंडक्टर.

आमच्या भागातला खर्रा बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून हातानं घोटघोट घोटायचा, प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधायचा आणि खिशात टाकायचा, एवढंच. पण सोयरीक जुळवायला बसलेली माणसं असोत की मयतीला आलेली, पन्नी सगळीकडे फिरते. पाहुण्याला पाण्याच्या आधी खर्रा विचारतात आणि नको म्हणणारा शिष्ट ठरतो. अशा मुलखात या बाईंनी खर्ऱ्याशी वैर धरलं होतं. म्हणजे पाण्यात राहून माशाशी नव्हे, अख्ख्या तळ्याशी.

मी मूळची वाशीमची. मालेगावच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा बाईंच्याच घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली आणि पुढे बरीच वर्षं तिथंच राहिले. त्या विज्ञान शिकवायच्या. उंच, हडकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पायांत बाराही महिने कॅनव्हासचे बूट. लग्न केलं नव्हतं. चालणं असं की मागून येणाऱ्याला वाटावं, या बाईला कुठंतरी आग लागल्याचा निरोप आलाय.

आरोग्याचा धडा त्या पुस्तक मिटून शिकवायच्या. पुस्तकात संसर्गजन्य, असंसर्गजन्य, आनुवंशिक अशी वर्गवारी असते. ती त्या फळ्यावर लिहून द्यायच्या, मुलांकडून पाठ करून घ्यायच्या आणि मग पुसून टाकायच्या. "हे परीक्षेसाठी. आता खरे प्रकार लिहा," म्हणायच्या. "रोग तीन परीचे. एक आलेले, दुसरे आणलेले, तिसरे लपवलेले. आलेल्याला इलाज आहे. आणलेल्याला आवर आहे. लपवलेल्याला काहीच नाही."

वर्गात त्या अशी पुस्तकी भाषा बोलायच्या. रागावल्या की मात्र थेट वऱ्हाडीवर यायच्या, आणि त्या रोज रागवायच्या.

तिसऱ्या प्रकाराचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेंगा सोलता सोलता. त्यांच्या वडिलांना क्षय होता. खोकला आला की ते दुपट्ट्यात तोंड दाबून गोठ्याकडे जायचे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होतं, पण तिथं रांगेत कोणी पाहिलं तर पोरीची सोयरीक होणार नाही, या भीतीनं ते गेलेच नाहीत. ते गेले तेव्हा बाई कॉलेजात होत्या आणि भाऊ सुधाकर अजून त्यांचा पदर धरून झोपत होता. आई त्याआधीच गेली होती. "माह्या लग्नासाठी बाप खोकला दाबत मेला," त्या म्हणाल्या. "मग म्या लग्नच नाही केलं. सुध्याले वाढवलं." आणि शेंगांची टोपली उचलून आत गेल्या.

सुधाकर हा बाईंचा प्राण होता. यात मी काही वाढवून सांगत नाही. चाळिशीला आलेल्या, मिशीवाल्या, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या त्या माणसाचा आवाज दारात आला की बाईंचा कपाळावरचा आठ्यांचा पत्रा खाली उतरायचा. त्याचं दुकान मालेगावातच होतं, राहायला तो जवळच्या खेड्यात. बायको रेखा, शेत थोडंसं. तांब्याची तार गुंडाळत बसायचं काम. हात गुंतलेले आणि तोंड रिकामं. ते रिकामं तोंड त्यानं खर्ऱ्यानं भरलं होतं.

मी राहायला आले त्याच वर्षीची भाऊबीज मला लख्ख आठवते. पाटावर सुधाकर बसला होता. बाईंनी ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. बाईंनी ती उचलून बाजूला ठेवली.

"साडी नको. खिशातली पन्नी टाक ताटात."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. निरांजन तेवढं हलत होतं. शेवटी त्यानं खिशात हात घातला आणि खर्ऱ्याची पन्नी कुंकवाशेजारी ठेवली.

"आता माह्या डोक्यावर हात ठेव. म्हण, पुन्हा हात लावणार नाही."

"ताई, शपथ नको ना वं."

"ठेव हात."

त्यानं हात ठेवला. आमच्याकडे डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ म्हणजे गंमत नव्हे. ती मोडली तर मोडणाऱ्याला काही होत नाही, ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला लागते. सुधाकर जेवून गेल्यावर मी विचारलं, "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता आणि शपथा मानता?"

"मी कुठं मानते? तो मानते ना," त्या म्हणाल्या. इतक्या खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

त्या दिवसापासून सुधाकर हा बाईंचा पुरावा झाला. वर्गात, पालकसभेत, पोहरादेवीच्या यात्रेत शाळेनं लावलेल्या चित्रांच्या तंबूत, जिथं संधी मिळेल तिथं त्या सांगायच्या, "माह्या भावानं एका ओवाळणीत सोडला. तुमाले काहून जमत नाही?" यात्रेच्या गर्दीत माणसं थांबून ऐकायची, मान हलवायची आणि तंबूच्या मागं जाऊन पन्नी उघडायची. तो बिचारा शेजारी असला तर खाली बघायचा. आम्हाला वाटायचं, लाजतोय.

बाईंची दुसरी कसोटी ठेच्याची होती. त्यांचं म्हणणं असं, की खर्ऱ्यानं गालाची आतली कातडी आधी पांढरी पडते, मग दोरीसारखी ताठ होते, आणि तोंड मिटत जाण्याच्या कितीतरी आधी तिखट सोसेनासं होतं. "वऱ्हाडी माणसानं ठेचा नको म्हटलं की समजावं, गालात काहीतरी शिजून राह्यलं. लोक म्हणतात पित्त. कायचं पित्त!" कुणाच्याही पंगतीत बाई जेवता जेवता आजूबाजूच्या ताटांकडे बघत असायच्या. मिरची बाजूला सारणारा माणूस त्यांनी हेरला की त्याचं जेवण संपेपर्यंत थांबायच्या आणि मग लाडू घेऊन जायच्या. बुंदीचा अख्खा लाडू. "एका घासात टाक."

त्या बरोबर असायच्या. हीच तर अडचण होती. त्यांच्यामुळे कितीतरी माणसं वेळेवर दवाखान्यात गेली, पण त्यांचं नाव आनंदानं घेणारा एकही मला भेटला नाही.

बबनराव किराणेवाल्यांचंच बघा. ते बाईंचे शेजारी. मालेगावात नळ रोज येत नाही, आला की घरोघरी टाकी, ड्रम, रांजण, हाताला लागेल ते भरून ठेवतात. बबनरावांच्या अंगणात सिमेंटचं मोठं टाकं होतं, उघडं. एका पावसाळ्यात गल्लीत तापानं माणसं पटापट आडवी व्हायला लागली. बबनरावांची सूनही आजारी पडली. बाईंनी दोनदा सांगितलं, टाकं उपसा, कोरडं करा, झाकण टाका. बबनराव म्हणाले, "पाणी का तुमी आणून देता?" दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी बाई काचेचा ग्लास घेऊन त्यांच्या दुकानात शिरल्या आणि तो काउंटरवर ठेवला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"घ्या. प्या."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. बबनरावांनी ग्लास बाजूला सारायला हात पुढं केला.

"प्या ना, भाऊ. तुमच्याच टाक्याचं आहे. सुनेले चालते, मंग तुमाले काहून नाही?"

टाकं त्याच संध्याकाळी रिकामं झालं. सून बरी झाली. पण बबनरावांनी बाईंशी बोलणं टाकलं, आणि तो ग्लास मात्र मनात भरून ठेवला.

मधल्या काळात सुधाकरचं येणं कमी होत गेलं. आला तरी दारातूनच, "जेवून आलो." पुढच्या एका भाऊबीजेला बाईंनी भाकरी, वांग्याचं भरीत आणि त्याच्या आवडीचा हिरव्या मिरचीचा ठेचा केला. त्यानं भाकरी दुधात कुस्करली आणि बोटांनी बारीक बारीक घास करून खाल्ली.

"ठेचा घे ना रे."

"पोटात जळजळ होऊन राह्यली, ताई. पित्त झालं."

"उपाशी राहत असशीन दुकानात," बाई म्हणाल्या आणि त्याच्या वाटीत आणखी दूध ओतलं.

साऱ्या तालुक्याच्या मिरचीवर नजर ठेवणारी बाई! पण माया असली की माणसाची नजर मऊ पडते, एवढंच मी आता म्हणू शकते.

पुढं उन्हाळा लागता लागता आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न वाशीमला होतं. अख्खी शाळा होती, निम्मं मालेगाव होतं. सुधाकर आणि रेखाही आले होते. दुपारची पंगत बसली होती. पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदीचे लाडू. मी बाईंच्या शेजारी होते, समोरच्या ओळीत सुधाकर, त्याच्यापासून दोन पानं सोडून बबनराव. बाईंनी सवयीप्रमाणं नवरदेवाच्या एका मित्राला हेरलं. हातात लाडू घेऊन त्या त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. पोरगा गोरामोरा झाला.

तेवढ्यात सुधाकरच्या बारीक घासांकडे बघत बबनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, लोकाईच्या पोट्ट्याईले कायले छळता? आधी घरच्याचं तोंड उघडा."

पंगत थांबली. वाढपीसुद्धा थांबले.

बाई हसल्या. अगदी मोकळं हसल्या. त्यांना आयताच पुरावा मागितला होता ना. दोन पावलं टाकून त्या सुधाकरपुढं आल्या आणि लाडू त्याच्या तोंडासमोर धरला.

"घे रे सुध्या. दाखव याईले."

सुधाकरनं लाडू हातात घेतला. मान खाली घातली. डाव्या हाताचा आडोसा करून तो लाडू फोडायला लागला.

"फोडतो काहून? अख्खा टाक ना."

त्यानं वर पाहिलं. मग सावकाश तोंड उघडलं. ते उघडलंच नाही म्हणा. दातांच्या मधे एक बोट कसंबसं गेलं असतं. ओठांच्या कोपऱ्यातली कातडी ताणून पांढरी पडली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की कशाचं, देव जाणे.

बबनराव आपल्या पानाकडे बघत होते. त्यांना एवढं नको होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"कधीपासून?" बाईंचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तुले लागन म्हून नाही सांगतलं, ताई. तुह्या डोक्यावर हात ठेवला होता म्या."

बाईंनी त्याच्या हातातला फुटका लाडू काढून घेतला, पदराला बांधला आणि त्याला दंडाला धरून उठवलं. हातही धुऊ दिले नाहीत. मंगल कार्यालयाबाहेर ऑटो उभा होता, त्यात त्याला बसवलं. मी आणि रेखा मागून धावलो.

वाशीमच्या डॉक्टरांनी आत बॅटरी टाकून पाहिलं. उजव्या गालाच्या आत जखम होती. "किती दिवसांची आहे?" त्यांनी विचारलं. सुधाकरनं रेखाकडे पाहिलं. रेखा हळूच म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून आहे, साहेब. मले शपथ घातली होती याईनं, ताईले सांगू नको म्हून." म्हणजे आणखी एक शपथ. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्या मधल्या दिवसांत बाई शाळेत येत होत्या, तास घेत होत्या आणि शिकवता शिकवता फळ्यावरचं वाक्य अर्धंच सोडत होत्या. घरी मी काही बोलायला गेले की म्हणायच्या, "मॅडम, रिपोर्ट येऊ द्या." बसस्टँडवरून जाताना त्या कुणालाच तोंड उघडायला सांगत नव्हत्या. माणसं मात्र जुन्या सवयीनं तोंडं मिटून उभी राहायची. ते बघवत नव्हतं.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. नागपूरला जाऊन ऑपरेशन करा, लगेच करा, पसरलेला दिसत नाही, वाचायची आशा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, आता निदान रस्ता तरी दिसला. पण सुधाकर म्हणाला, मी येत नाही.

बाईंच्या घराच्या मधल्या खोलीत तो बसला होता. रेखा रडत होती. बाईंनी रागावून पाहिलं, हात जोडून पाहिलं, डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा पुन्हा समजावलं. तो एकच बोलायचा.

"शपथ म्या मोडली. रोग मले झाला, हे बरं झालं. आता मी वाचलो तर ते तुह्यावर जाईन. मले नाही वाचाचं."

"अरे, असं नसते रे राजा! शपथीनं रोग नसते होत. खर्ऱ्यानं झाला तो!"

"तुनंच तं घातली होती शपथ. तवा तं तू नाही म्हणाली, असं नसते म्हून."

बाई खाली बसल्या. रेखा म्हणाली, पोहरादेवीला जाऊन शपथ उतरवून येऊ. सुधाकरनं त्यालाही नकाराची मान हलवली. "देवाच्या नावानं नव्हती घेतली. ताईच्या डोक्यावर घेतली."

बाई उठल्या. बूट घातले आणि काही न सांगता निघाल्या. मला भीती वाटली म्हणून मी मागून गेले. त्या नेहमीच्या वेगानं बसस्टँडवर आल्या आणि थेट पानठेल्यासमोर उभ्या राहिल्या. ज्या ठेल्याच्या सावलीलाही त्या कधी थांबल्या नव्हत्या, त्या ठेल्यासमोर. ठेलेवाल्याच्या हातातला चुन्याचा डबा खाली पडला.

"एक खर्रा दे."

"बाई, माफ करा ना बाई. काय चुकलं असन तं..."

"घोट म्हणते ना. जसा सुधाकरले देत होता, तसाच."

तो घोटायला लागला. आजूबाजूची माणसं गालातलं थुंकायचंही विसरली होती. बाईंनी पैसे ठेवले, पन्नी मुठीत धरली आणि घरी आल्या.

घरी येऊन त्यांनी पाट मांडला. भर दुपारी, ना दिवाळी ना सण. ताट काढलं, कुंकू, अक्षता, निरांजन. सुधाकरला दंडाला धरून पाटावर बसवलं आणि ओवाळलं. मग ती पन्नी ताटात ठेवली, कुंकवाशेजारी, बरोबर तेव्हा होती तशीच.

"सुध्या, ही तुही ओवाळणी. मी परत करून राह्यली. तवा म्या जे मागतलं ते मागाचं नव्हतं. बहिणीनं भावाजवळ असं नसते मागत." त्यांनी त्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि पुन्हा खाली काढला. "हे पाह्य. हात काढला. शपथ नाही, काही नाही. माह्यावर आता काही नाही येत. बापानं माह्यासाठी लपवलं, तुनंही माह्यासाठी लपवलं. आता पुरे झालं बाप्पा माह्यासाठी."

निरांजनातलं तूप संपत आलं होतं. रेखानं पदर तोंडात धरला होता. मी उंबऱ्याच्या बाहेर होते आणि मला आत जायचं धाडस होत नव्हतं. शेवटी सुधाकरनं पन्नी उचलली, मागच्या अंगणात पाणी तापवायच्या चुलीत टाकली आणि त्याच दारातून म्हणाला, "नागपूरची बस किती वाजता आहे?"

मग बाई रडल्या. जमिनीवर बसून, मोठ्यानं, लहान पोरीसारख्या.

ऑपरेशन मोठं होतं. उजव्या गालाचा मोठा भाग गेला, जबड्याचा तुकडा गेला, छातीवरची कातडी काढून तिथं लावली. नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यायचे. नंतर किरणांचे शेक दिले. बाई नागपुरात धर्मशाळेत राहिल्या. परत आल्या तेव्हा अंबाडा पार पांढरा झाला होता. सुधाकर वाचला. रोग पुन्हा उलटणार नाही असं मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही, तपासायला येत राहा एवढंच सांगितलं. त्याचं बोलणं आता नीट कळत नाही. रेखाला कळतं आणि बाईंना कळतं.

घरी आल्यावर तो दुपट्ट्यानं तोंड बांधून बसायचा. वडिलांसारखा. बाई रोज त्याच्यासमोर जेवायला बसायच्या आणि त्याच्यासारखंच बिनतिखटाचं, पातळ करून खायच्या. दुपट्टा काढ, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. एक दिवस त्यानं तो आपणच काढून खुंटीला टांगला. बाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं आणि वरण वाढलं.

त्या वर्षी आरोग्याचा धडा आला तेव्हा माझा तास शेजारच्या वर्गात होता. मधली भिंत अर्धीच आहे, सगळं ऐकू येतं. "रोग तीन परीचे," बाई म्हणाल्या. "आलेले, आणलेले, लपवलेले." मग फळ्यावर आणखी एक आकडा घातल्याचा खडूचा आवाज आला. "आणि चौथा प्रकार. लपवायला लावलेले. तो आमच्यासारखे करतात. समोरच्याला इतकं घाबरवतात, की त्याला रोगापेक्षा आमचीच भीती वाटते. लिहून घ्या. पुस्तकात नाही हा."

मी पुढं वाशीमला परत आले. बाई निवृत्त झाल्या. फोन व्हायचे, पण फोनवर त्या दोन वाक्यांत बोलणं संपवायच्या.

परवा मेहकरकडे जाताना माझी बस मालेगावला थांबली. खिडकीतून पाहिलं तर पानठेल्याशेजारच्या बाकावर बाई बसलेल्या. पायांत तेच बूट. शेजारी सुधाकर, तोंडावर दुपट्टा नाही, शिवलेला गाल उन्हात स्पष्ट दिसत होता. बाईंच्या हातात चहाचा कप होता; त्याचा चहा बशीत गार करायला ठेवलेला.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात ठेल्यावरून एक माणूस आला. पस्तिशीचा असेल, हातात पन्नी. तो सुधाकरसमोर घुटमळला, रस्त्याकडे पाठ केली, खाली वाकला आणि त्यानं तोंड उघडलं. सुधाकरनं मोबाइलची बॅटरी लावली, त्याची हनुवटी धरली आणि आत बघायला लागला. मग तीन बोटं करून दाखवली. त्या माणसानं आपली बोटं तोंडात घातली. दोनच गेली. सुधाकर काहीतरी बोलला. ते त्याला कळलं नसावं, कारण त्यानं बाईंकडे पाहिलं.

बाई बघतच नव्हत्या. त्या मुद्दाम मान वळवून, त्या दोघांकडे पाठ करून, माझ्या बसच्या दिशेनं तोंड करून बसल्या होत्या. मी त्यांना दिसत होते. मी हात केला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, हाक मारू नको म्हणून खूण केली आणि तशाच बसून राहिल्या, तो माणूस आपलं तोंड मिटून, हातातली पन्नी खिशात न घालता, सुधाकरनं बोटानं दाखवलेल्या दवाखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत.